वाढत्या अंगाची फ्रेम

भोईर टीचरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डांबरी रस्त्यावर आडवी पडलेली होते.

बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या रस्त्याला टाइम ट्रायलची शर्यत होती. टाइम ट्रायल म्हणजे एकेकट्याने सुटायचं, पुढेमागे कोणी नाही, भांडण फक्त घड्याळाशी. अर्ध्या वाटेवर एक पिंप ठेवलेलं, त्याला वळसा घालून परत यायचं. मी वळायला हँडल फिरवलं, माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागलं आणि संपलं. गुडघा सोलला, कोपर सोललं, इज्जत तर अख्खीच सोलली गेली. पोरं धावत आली, कोणी पाणी आणलं, कोणी मोबाइल काढून फोटो काढायला लागलं. त्या गर्दीतून एक इवलीशी म्हातारी बाई पुढे आली. पोपटी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, कानामागे खडू. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. चाकाशी उकिडवी बसली आणि टायरवर जिथे बूट घासला होता तिथे बोट फिरवत राहिली.

"सायकल कोणाची?"

"माझी," मी कण्हत म्हटलं.

"नाही. ही तुझ्याहून चार बोटं उंच असलेल्या मुलीची आहे." मग त्या उठल्या, माणसांच्या खांद्यांमधून लांब रस्त्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुठे आहे ती?"

मीसुद्धा मागे वळून बघितलं. शप्पथ. रस्ता मोकळा होता.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना मला कोणी भोळी समजू नये. मी प्रज्ञा. बदलापूर पूर्वेला राहते, अंबरनाथला एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. दिवसभर मोजमाप करणं हेच माझं काम. उंची चार फूट दहा इंच, त्यामुळे ऑफिसात 'लिंबूटिंबू' पासून 'पॉकेट साइज' पर्यंत सगळी नावं झालीत. घर आमचं बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. भूत, उतारा, अंगात येणं, यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून तर हे सगळं आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "प्रज्ञे, तुला ऊन लागलंय. लिंबूपाणी घे."

टीचर आता नाहीत. जांभूळ गावात भावाच्या घरी झोपेतच गेल्या. त्यांच्याविषयी कोणालाही विचारा, लोक सांगतील, अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, तोंडाने फटकळ, सायकलच्या वेड्या. खरंच आहे ते. बुटक्या सायकलपटूंना तर त्या देवासारख्या होत्या, लांबलांबून पोरी यायच्या फ्रेम विचारायला. पण मी ज्या टीचर पाहिल्या त्या सांगायला लागले की लोक विषय बदलतात. म्हणून आता लिहूनच काढते, मग बदला विषय.

टीचर राहायच्या उल्हासनगर कॅम्प चारमध्ये. खाली फर्निचरवाल्यांचे गाळे, दिवसभर रंध्याचा आवाज आणि पॉलिशचा वास, वर अंधारा जिना, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पहिल्या दिवशी मी तिथे खुर्चीत बसले आणि माझे पाय जमिनीला टेकले. हसू नका. उंच माणसांना हे कळायचं नाही. बस असो, बँक असो, दवाखाना असो, आमचे पाय आयुष्यभर लोंबकळत असतात. टीचरनी खालच्या सुताराकडून घरातल्या प्रत्येक वस्तूचे पाय कापून घेतले होते. खुर्च्या, टेबल, पलंग, सगळंच. ओटासुद्धा फोडून खाली घेतलेला. कोणी उंच पाहुणा आला की बालवाडीत बसल्यासारखा गुडघे छातीशी घेऊन चहा प्यायचा, आणि टीचर मजेत बघत राहायच्या.

"माणसाने वस्तूच्या मापाचं व्हायचं नसतं," त्या म्हणायच्या. "वस्तूने माणसाच्या मापाचं व्हायचं असतं. आणि माप आजचं. उद्याचं माप कोणाच्या बापाने बघितलंय?"

हे 'आजचं माप' म्हणजे त्यांचं व्रतच होतं. एकदा आम्ही कॅम्पातल्या गणवेशाच्या दुकानापुढून जात होतो. आत एक बाई पोरीला फ्रॉक घालून बघत होती. फ्रॉक गुडघ्याच्या खाली, बाह्या कोपरापर्यंत. आता हे आपल्या सगळ्यांच्याच घरात होतं ना! मीसुद्धा चौथीपर्यंत वाढत्या अंगाचेच कपडे घातलेत, आणि कपडे अंगाला बसेपर्यंत ते फाटलेले असायचे. टीचर सरळ आत शिरल्या.

"ह्या मुलीला होणारा फ्रॉक काढ," दुकानदाराला म्हणाल्या.

"टीचर, होतोय ना, दोन वर्षं तरी चालेल," ती बाई हसत म्हणाली.

टीचरचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. रंगच उडाला. "दोन वर्षं कोणी दाखवली तुला?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की त्या बाईने पोरीला जवळ ओढून घेतलं. दुकानदार सिंधी, वर्षानुवर्षं ओळखत असणार. त्याने गुपचूप लहान मापाचा फ्रॉक काढला आणि म्हणाला, "टीचर, आप मेरा धंधा बंद करवाओगी क्या?" पण हसला नाही.

तर फ्रेमचं. पुढच्या थंडीत राज्याच्या संघाची निवड होती आणि मला आयुष्यात एकच चांगली फ्रेम घेणं परवडणार होतं. ती चुकली की माझा खेळ खलास. ठाण्याच्या एका दुकानदाराने मला काळीभोर चकचकीत कार्बनची फ्रेम दाखवली होती. मी तिच्या प्रेमात पडले होते, खोटं कशाला बोलू. टीचरना फोटो दाखवला.

"ह्यावर 'एस' लिहिलंय, टीचर. स्मॉल. कंपनीच म्हणते पाच फुटाच्या आतल्यांसाठी."

"कंपनी काय म्हणते ते राहू दे. 'एस' करताना त्यांनी सीटखालची नळी कापली. चाक कापलं का?"

"नाही."

"मग! चाक मोठ्यांचंच. चाक मोठं म्हणून पुढचा भाग उंचच राहणार. तू कोपरं टेकवून झुकलीस की हात उंच, मान मागे मोडलेली. शिवाय एवढं मोठं चाक एवढ्याशा फ्रेममध्ये कोंबलं की ते तुझ्या पायापाशी येणार. पडलीस ना त्यानेच? लहान केलेली नाही ती, नुसतं लहान म्हटलंय."

मग त्यांनी मला शिकवलं. बुटक्या माणसाने सीटच्या नळीचं माप बघूच नये. दोन गोष्टी बघायच्या: पॅडलचे दांडे ज्या आसावर फिरतात तिथपासून हँडलची नळी किती उंच आहे आणि किती पुढे आहे. चाकं लहान घ्यायची, म्हणजे पुढचा भाग खरोखर खाली येतो आणि बूट चाकाला लागत नाही. पॅडलचे दांडे आखूड घ्यायचे, म्हणजे झुकल्यावर गुडघा छातीवर आदळत नाही. "बाकी सगळं रंगकाम," टीचर म्हणाल्या. मी रंगाच्या कंपनीतली, गप्प बसले.

"पण लहान चाकांचे टायर कुठे मिळतात, टीचर? पंक्चर झालं तर बोंबलायचं का?"

"चार टायर एकदम मागवून घरात ठेव. टायर मागवता येतो. मान मागवता येते का?"

त्यांची माप घ्यायची पद्धत जगावेगळी होती. टेप नाही, मशीन नाही. आतल्या खोलीला पश्चिमेची गॅलरी होती. थंडीच्या दिवसांत, सूर्य बुडायच्या जरा आधी, ऊन आडवं होऊन त्या दारातून समोरच्या कोऱ्या भिंतीवर सरळ पडायचं. दाराशी स्टँडवर सायकल लावायची, तिचं सीट नि हँडल हवं तसं सरकवता यायचं. तिच्यावर आपण शर्यतीतल्यासारखं झुकून बसायचं, आणि भिंतीवरच्या सावलीच्या कडेने टीचर निळ्या खडूने रेघ काढायच्या. मी म्हटलं, बल्ब लावून का नाही करत, बाराही महिने होईल. तर म्हणाल्या, "बल्ब सावली फुगवतो. ऊन जेवढ्यास तेवढी देतं." सावलीचा माणूस काढून झाला की त्याच्याखाली त्या फ्रेम काढायच्या. आधी माणूस, मग फ्रेम. मापं कागदावर उतरवली की ओल्या फडक्याने भिंत पुसून टाकायच्या.

सगळी भिंत नाही पण. डाव्या बाजूला एक आकृती होती, तिला फडकं लागायचं नाही.

ती निळ्या खडूची नव्हती, कोळशाची होती. एक मुलगी, सायकलवर झुकलेली. तिच्यापुढे भिंतीला टेकवून खरीखुरी सायकल उभी असायची, जुनी, स्टीलची, लाल, खाली झुकलेल्या हँडलची. कोणी चालवत नव्हतं ती, तरी चाकांत हवा टच्च भरलेली. आकृती अशा बेताने काढलेली की ती मुलगी त्या सायकलवर बसलेली वाटावी. आणि तिचा एक पाय पॅडलवर नव्हता. खाली सोडलेला होता, सायकल थांबवल्यावर आपण सोडतो तसा. पण पायाचं टोक फरशीपर्यंत पोचतच नव्हतं, अधांतरी लटकत होतं. त्या पायाच्या भोवती जुन्या पुसट रेघा दिसायच्या, एकाखाली एक. पहिल्या दिवशी मला वाटलं, चित्र चुकत गेलं असेल, सुधारलं असेल. चित्रकलेच्या टीचर आहेत, करत असतील काहीतरी.

माझं माप घ्यायचा दिवस आला. मी स्टँडवर झुकून बसले, टीचर भिंतीशी खडू घेऊन. "हलू नकोस." खडूचा कर्रकर्र आवाज ऐकत मी श्वास धरून बसले होते. मग पाठीत कळ आली म्हणून जराशी पुढे सरकले. भिंतीवर माझी सावली डावीकडे सरकली आणि माझ्या सावलीचा हात त्या कोळशाच्या मुलीच्या पाठीला लागला.

"मागे हो!" टीचर किंचाळल्या. "मागे हो आधी! धक्का लागंल तिला! पाय टेकत नाय अजून तिचं!"

मी अशी मागे झाले की स्टँडवरून पडायचीच. टीचर वर्गात शिकवतात तसं शुद्ध बोलायच्या नेहमी. जांभूळची बोली त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मला राग आला. म्हटलं, "टीचर, काय चाललंय हे? कोण आहे ती?"

ऊन गेलं होतं. टीचर फरशीवरच बसल्या, लाल सायकलच्या चाकाला पाठ लावून.

"कुंदा. माझी धाकटी भैन. आई गेली तवा येवढीशी होती, मीच वाढवली. सायकल काय चालवायची गो! पोरांना मागं टाकायची. मी मुंबयसून ही रेसची सायकल आनली तिला. दुकानदार बोल्ला, बाई, मोठी होईल पोरीला. मी बोल्ले, होऊ दे. वाढत्या अंगाची पोर हाय, दोन वर्सांत बरोबर बसंल." त्यांनी पदराने हात पुसले. खडू निघत नव्हता. "जांभूळच्या वलनावर समोरून म्हशी आल्या. ती थांबली. पाय खाली सोडला. तर खाली जमीनच नाय. सायकल लवंडली, न् मागून टेम्पो."

त्यांच्या कापलेल्या खुर्च्या, कापलेला पलंग, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"मग हे चित्र?" मी विचारलं.

"चित्र नाय ते. पयलं मी काढली तवा होती तेवढीच काढली. पुढच्या थंडीत बगते तर ऊन पडलंय न् ती रेघेच्या भायेर आलीय. मग तेवढी काढली. दर थंडीत जेवढी दिसते तेवढी काढते." त्या माझ्याकडे वळल्या. डोळे अगदी शांत होते, वेड्या माणसाचे नसतात तसे. "वाढतेय ती, प्रज्ञा. भाऊ बोल्ला, भगताला आनू, बांधून घेऊ. मी त्याना घरातून काढला. मना तिला घालवायची नाय, वाढवायचीय. एकदा पाय टेकला की ती सुटली न् मी पन सुटली."

घरी परत जाताना मी स्वतःला खूप समजावलं. इतक्या वर्षांचं दुःख, एकटी बाई, हातात कोळसा. दरवर्षी स्वतःच मोठं चित्र काढते आणि स्वतःच विसरते. झालं की हो कोडं सुटून! मला टीचरची इतकी दया आली की त्या विषयावर मी पुन्हा काही विचारलं नाही.

माझ्या फ्रेमची मापं मात्र त्यांनी सुरेख काढून दिली. तशी नवी फ्रेम कुठे मिळेना. शेवटी पुण्याच्या एका माझ्याएवढ्याच मुलीने खेळ सोडला होता, तिची लहान चाकांची फ्रेम आणली. दिसायला सर्कशीतली. शर्यतीत पोरं फिदीफिदी हसली. पण मी झुकले आणि मान दुखली नाही, पिंपाला वळसा घातला आणि बूट लागला नाही. पहिल्यांदा मला वाटलं, सायकल माझ्यासाठी आहे, मी सायकलसाठी नाही. संघात माझं नाव आलं त्या दिवशी मी पेढे घेऊन टीचरकडे गेले, आणि त्यांनी एक पेढा लाल सायकलच्या सीटवर ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात दोन गोष्टी झाल्या. समोरची जुनी एकमजली बिल्डिंग पाडली होती, तिथे नवीन टॉवरचे खांब चढायला लागले. टीचर गॅलरीत उभ्या राहून रोज ते खांब बघायच्या. "ही शेवटची थंडी," एवढंच म्हणायच्या. टॉवर उभा राहिला की ऊन बंद. आणि दुसरं, त्या जिन्यावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. भाऊ येऊन त्यांना जांभूळला घेऊन गेला. जाताना माझ्या हातात किल्ली देऊन म्हणाल्या, "कुंड्यांना पाणी घाल. आणि तिच्या चाकांत हवा भरत जा."

मी जायची. ऑफिस सुटल्यावर अंबरनाथहून रिक्षाने. एका संध्याकाळी चाकात हवा भरताना मान वर केली तर ते लटकणारं पाऊल माझ्या तोंडासमोर होतं. म्हटलं, चला, एकदाचा निकाल लावू. मी लॅबवाली, मला दुसरं काय सुचणार! पर्समध्ये ऑफिसचा मार्कर होता, पुसला न जाणारा. पायाच्या टोकाखाली दोन बोटं जागा सोडून भिंतीवर बारीक ठिपका दिला. टीचर जांभूळला, हात प्लास्टरमध्ये. आता बघू कोण वाढवतंय.

मग दिवाळी आली, ऑफिसात ऑडिट आलं, बरेच दिवस माझं जाणं झालं नाही. गेले तेव्हा भिंतीवर ऊन होतं. ठिपका मला आधी सापडलाच नाही. वाकून शोधला. ठिपका रेघेच्या आत होता. कोळशाच्या पावलाच्या आत, अंगठ्याच्या जागी.

माझी टरकली. सरळ सांगते, टरकली. किल्ली तिथेच टाकून खाली पळाले. पहिल्या मजल्यावर देवीबाई पापड वाळत घालत होत्या. सिंधी बाई, टीचरच्या जुन्या शेजारीण.

"देवीबाई, वर कोणी आलं होतं? तुमच्याकडे पण किल्ली आहे ना?"

"चाबी है बेटा, पर मैं अंदर नहीं जाती," त्या पापडावरची नजर न काढता म्हणाल्या. "पहले जाती थी. तब वो इत्ती सी थी." त्यांनी हाताने जमिनीपासून उंची दाखवली, आपण शेजारच्या पोराची दाखवतो तशी. "अब बड़ी हो गई है. जवान लड़की का घर है, बिना पूछे कैसे जाऊँ?"

भिंतीला ओल होती, हे खरं आहे. ओलीने कोळसा पसरतो, हेही खरं आहे. मी हे सगळं स्वतःला सांगत स्टेशनपर्यंत आले, तेवढ्यात टीचरचा फोन. ठिपक्याबद्दल मी त्यांना अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

"वाढली काय गो?"

"हो," मी म्हटलं.

"किती?"

"दोन बोटं. थोडी जास्तच."

"मंग या थंडीत होईल," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

थंडी पडल्यावर टीचर परतल्या. मनगट आखडलेलं, खडूसुद्धा धरता येत नव्हता. समोर टॉवरला हिरवी जाळी लागली होती, मजले चढले होते, पण दोन खांबांच्या मधून अजून एक उभी फट होती. ऊन तेवढ्यातून यायचं, दाराएवढं रुंद. दुसऱ्याच दिवशी तिथे विटा चढणार होत्या. वॉचमनला विचारून टीचरनी ते पक्कं करून घेतलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मी गेले. का गेले ते माहीत नाही. भीती होती, पण टीचर एकट्या असतील याची जास्त होती.

ऊन आलं. लाल सायकलची सावली भिंतीवर पडली आणि वरच्या मुलीला जाऊन मिळाली. टीचर डोळे मिटून कापलेल्या खुर्चीत बसून होत्या.

"मना बगवत नाय. तू बग. पाय टेकला काय?"

मी फरशीवर पालथी झोपले, गाल जमिनीला लावून. एका हातात ड्रॉइंगचा कागद होता, तो फरशी आणि पायाचं टोक यांच्यात धरून बघितला. मध्ये काहीच उरलेलं नव्हतं. काळी रेघ फरशीला लागली होती, आणि अंगठा किंचित दबल्यासारखा दिसत होता, भार पडला की दबतो तसा. मी दोनदा बघितलं, कारण खोटं सांगून चालणार नव्हतं. या बाईचं सगळं आयुष्य त्या एका उत्तरावर अडलेलं होतं.

"टेकला, टीचर."

"पुरा?"

"पुरा टेकला. टाच पण टेकेल."

टीचर रडतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या उठल्या, बादलीत फडकं भिजवलं आणि डाव्या हाताने ती आकृती पुसून काढली, डोक्यापासून पायापर्यंत, अंघोळ घालावी तशी हळूहळू. मी मदतीला गेले तर कोपराने मला बाजूला सारलं. "उद्या सकाली ये," म्हणाल्या. "सायकल खाली न्यायचीय."

मागाहून, टीचर गेल्यावर, त्यांच्या भावाने मला विचारलं होतं, ती लाल सायकल कुठे गेली? मी म्हटलं, टीचरनी जिची होती तिला देऊन टाकली.

ती रविवारची सकाळ होती. गाळ्यांची शटरं खाली, गल्ली रिकामी. मी सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरले. हवा भरताना कितीदा उचलली होती मी ती, पण त्या दिवशी मधेच थांबून दम घ्यावा लागला. खाली ठेवली तेव्हा टीचर म्हणाल्या, "तू वर जा. दाराला कुलूप घाल." मला कळलं की मी तिथे नको आहे. वर गेले, पण कुलूप घातलं नाही. पुढच्या खोलीच्या खिडकीतून गल्लीत बघत उभी राहिले.

टीचर सायकलच्या मागून चालत होत्या. डावा हात सीटच्या मागे धरलेला, उजवा, मोडलेला, पोटाशी. हँडलला कोणाचाच हात नव्हता. सीटला धरून सायकल नेता येते, मला माहीत आहे, सगळेच नेतात. पण अशी नेताना हँडल जरा डुलतं. ते डुलत नव्हतं. खालच्या दारात देवीबाई आल्या होत्या, त्यांनी डोक्यावरून ओढणी घेतली आणि बाजूला सरकल्या, कोणी जायला निघालं की आपण वाट देतो तशा. टीचर पळायला लागल्या. त्या वयात, कॅनव्हासच्या बुटांत, साडीचा घोळ सावरत, सीट धरून पळत होत्या. गल्लीच्या मध्यावर त्यांनी हात सोडला.

सायकल पुढे गेली. तिथे थोडा उतार आहे, तेही मला माहीत आहे. कोपऱ्याशी तिचा वेग कमी झाला, ती वळली आणि दिसेनाशी झाली. आता पडेल, आता आवाज येईल, म्हणून मी खिडकीचे गज घट्ट धरून थांबले. आवाज आलाच नाही.

टीचर धापा टाकत गल्लीत उभ्या होत्या, सोडलेला हात अजून पुढेच. मग त्यांनी तो तोंडाशी नेला आणि मी कधीच ऐकली नव्हती एवढ्या मोठ्याने हाक मारली.

"थांबाया भिऊ नको गो, कुंदे! पाय टेकतान आता!"